पटिंगच्या सरावाचे साधन घडवताना: चूक रोखावी की दाखवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गोल्फ शिकवता आणि पटिंगच्या, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू लोळवत होलमध्ये घालण्याच्या सरावासाठी स्वतः एक साधन तयार केले आहे. त्यात दोन समांतर रुळांच्या मधून पटरचे, म्हणजे पटिंगच्या काठीचे, डोके मागेपुढे सरकते आणि चेंडू त्या रुळांच्या मधोमध ठेवलेला असतो. साधनावर विद्यार्थ्यांचे पट (पटिंगचे फटके) सरळ जातात, त्यांना ते आवडतेही. पण साधन बाजूला ठेवून ते ग्रीनवर उभे राहिले की चेंडू पूर्वीसारखाच डावी-उजवीकडे जातो. साधनात काय बदलावे, त्याचा खरोखर उपयोग होतो की नाही हे कसे तपासावे आणि पेटंटसाठी आत्ताच हालचाल करावी का, अशी तुमची विचारणा आहे. मी व्यावसायिक म्हणून दीर्घकाळ पटिंग शिकवत आलो आहे आणि सरावाची साधनेही घडवत असतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

तुमच्या वर्णनावरून कारागिरीत काही उणे दिसत नाही; अडचण मूळ कल्पनेतच आहे. रूळ चूक होऊ देत नाहीत आणि म्हणूनच ती दिसतही नाही. पटरचे डोके जरा वाकडे निघाले की हील (दांड्याकडचे टोक) किंवा टो (बाहेरचे टोक) रुळाला घासते, हातांना तो स्पर्श कळतो आणि स्ट्रोक आपोआप सरळ होतो. ही दुरुस्ती विद्यार्थी करत नाही, रूळ करतो. पांगुळगाड्यात मूल घरभर धावते, पण तोल गाडा सांभाळत असतो. तसेच हे आहे. हालचालींचे कौशल्य माणूस कसे शिकतो याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट फार पूर्वी मांडून ठेवली आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन असे दाखवले की, प्रत्येक प्रयत्नागणिक बाहेरून मिळणारे मार्गदर्शन सराव चालू असेपर्यंत कामगिरी उंचावते, पण शिकणारा त्यावर विसंबून राहतो आणि ते काढून घेतले की कामगिरी खाली येते. तुमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते आहे. त्यामुळे त्यांचा आळस किंवा ग्रीनवरचे दडपण यांना बोल लावण्याआधी साधनाकडेच पाहावे, असे मी सुचवेन.

रुळांबाबत दुसरी एक तांत्रिक हरकतही आहे. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे ठरवण्यात पटर कोणत्या मार्गाने आला यापेक्षा आघाताच्या क्षणी त्याचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) कुठे रोखलेला होता याचा वाटा कितीतरी मोठा असतो. पटिंगमध्ये तो ८० टक्क्यांहून अधिक धरला जातो. म्हणजे तुमचे साधन मुख्यतः ज्याची राखण करते तो भाग लहान आहे. शिवाय तो मार्ग सरळ असावा हा आग्रहही शाफ्टच्या (दांड्याच्या) भूमितीशी जुळत नाही. नियमांनुसार पटरचा शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेला असावा लागतो आणि प्रत्यक्षात बहुतेक पटर त्याहून बरेच अधिक, २० अंशांच्या आसपास कललेले असतात. कललेल्या पातळीत झुलणारे डोके मागे जाताना थोडे आत येणारच. लहान स्ट्रोकमध्ये हा वळसा काही मिलिमीटरांचाच असतो. पण तुमच्या रुळांमध्ये तेवढी मोकळीक नसेल तर विद्यार्थी मनगटे वळवून तो वळसा मोडायला शिकतो आणि हीच सवय घेऊन ग्रीनवर जातो. तिथे रूळ नसतात, मनगटांची लुडबुड मात्र उरते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे: साधनाने स्ट्रोकला हात लावू नये; स्ट्रोक संपल्यानंतर, निघालेला चेंडू काय सांगतो ते तेवढे स्पष्ट ऐकवावे. स्ट्रोक कसा झाला याची साक्ष चेंडूइतकी प्रामाणिकपणे दुसरे कोणी देत नाही. म्हणून रूळ काढून टाका आणि चेंडूच्या पुढे एक फाटक उभे करा. दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) ग्रीनमध्ये रोवून त्यांच्यामधून चेंडू घालवण्याचा सराव गोल्फमध्ये सर्वत्र चालतो, त्यामुळे ही कल्पना नवी नाही हे मला ठाऊक आहे. नवेपणाकडे नंतर येऊ. आधी ते फाटक नेमके किती रुंद आणि किती दूर असावे हे पाहू, कारण बाजारातली बरीच साधने इथेच अंदाजाने काम भागवतात.

हिशेब साधा आहे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, ४.२५ इंचांचे हे माप १८९१ मध्ये प्रमाण ठरले. चेंडूचा व्यास नियमांनुसार किमान ४२.६७ मिलिमीटर असतो आणि खेळातले चेंडू या मापाच्या अगदी जवळ असतात. सपाट ग्रीनवर १० फुटांवरून, म्हणजे ३.०५ मीटरवरून, चेंडू १ अंशाने चुकीच्या दिशेला निघाला तर होलपाशी तो ५.३ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. होलची त्रिज्या ५.४ सेंटिमीटर आहे. अगदी मंद गतीने पोहोचलेला चेंडू, त्याचा मध्य होलच्या कडेच्या आत असेल तर पडतो. म्हणजे १० फुटांवर दोन्ही बाजूंना जेमतेम १-१ अंशाची सूट मिळते आणि तीही चेंडू होलपाशी दम सोडत असेल तरच. आता फाटक चेंडूपासून ५० सेंटिमीटरवर आहे असे धरा. तिथे १ अंश म्हणजे ८.७ मिलिमीटर. चेंडूच्या व्यासात दोन्ही बाजूंचे ८.७ मिळवले की फाटकाची रुंदी साधारण ६० मिलिमीटर येते. अर्ध्या अंशाचे फाटक हवे असेल तर ती ५१ मिलिमीटरच्या जवळ येते. तुमच्या साधनात या दोनच रुंदी असाव्यात असे मला वाटते: ६० ची नवशिक्यासाठी आणि १० फुटांच्या पटची खरी मर्यादा म्हणून, ५१ ची चांगल्या खेळाडूसाठी. याहून अरुंद फाटक विकायला आकर्षक असते, पण तिथे खेळाडूचा स्ट्रोक मोजला जातो की गवताच्या पात्याची मर्जी, हे सांगता येत नाही.

५० सेंटिमीटर हेच अंतर का, तेही सांगतो. फाटक १० सेंटिमीटरवर ठेवले तर १ अंशासाठी फक्त १.७ मिलिमीटर मिळतात आणि चेंडू ठेवण्यातली बारीकशी चूकही स्ट्रोकची चूक म्हणून नोंदली जाते. फाटक २ मीटरवर नेले तर ग्रीनचा उतार, पाऊलखुणा आणि गवताचा कल हे सगळे त्या निकालात मिसळतात. पटरला ३ ते ४ अंशांचा लॉफ्ट (फेसचा वरच्या बाजूला कल) असतो, त्यामुळे चेंडू निघताना आधी किंचित उचलला जातो, मग काही अंतर घसरतो आणि त्यानंतर खऱ्या अर्थाने लोळू लागतो. घसरण्याकडून लोळण्याकडे येताना तो आपल्या सुरुवातीच्या वेगापैकी साधारण पाच सप्तमांश वेग राखतो. या पहिल्या टप्प्यात दिशा सहसा टिकून असते. तेव्हा अर्धा मीटर ही मधली, व्यवहार्य जागा आहे. ती ४५ केली किंवा ५५ केली तरी बिघडत नाही, फक्त रुंदी त्या प्रमाणात बदलावी लागेल आणि ते अंतर साधनावर कायमचे कोरलेले असले पाहिजे.

आता ज्या गोष्टींवर मी स्वतः सर्वांत जास्त वेळ घालवतो त्याकडे येतो. पहिली म्हणजे चेंडूची जागा. चेंडू मध्यरेषेपासून २ मिलिमीटर बाजूला ठेवला गेला तर ५० सेंटिमीटरच्या फाटकापाशी सुमारे पाव अंशाची खोटी चूक तयार होते. म्हणजे ५१ च्या फाटकातली अर्धी सूट स्ट्रोक सुरू होण्याआधीच खर्ची पडते. त्यामुळे जागा पक्की करणे आवश्यक आहे. पण त्यासाठी खोल वाटी केलीत तर चेंडू त्या वाटीतून उसळून निघेल आणि लॉफ्टचा सगळा हिशेब बिघडेल. उपाय असा की, पातळ पोलादी पत्र्याला ६ मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र पाडावे. एवढ्या छिद्रात चेंडू केवळ ०.२ मिलिमीटर खाली बसतो. तो डगमगत नाही आणि निघताना अडखळतही नाही. छिद्र ८ मिलिमीटरचे केले तर तो जवळजवळ ०.४ मिलिमीटर खाली जातो, आणि तेव्हा हळुवार पटमध्ये फरक जाणवू लागतो. छिद्राच्या कडा घासून गुळगुळीत करा आणि पत्र्याची पुढची कड गवताशी किंवा गालिच्याशी इतकी सपाट बसवा की बोट फिरवले तर पायरी लागता कामा नये. ही पायरी राहिली तर फाटकापर्यंत पोहोचायच्या आतच चेंडूला ठेच लागते आणि विद्यार्थी विनाकारण आपल्या स्ट्रोकमध्ये दोष शोधत बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फाटकाचे खांब. ते एकमेकांना खालून पट्टीने जोडू नका. चेंडूच्या वाटेत उंबरठा नको. वरून कमान टाका आणि ती चेंडूच्या दुप्पट उंचीवर ठेवा. खांब ताठ आणि जड असतील तर चेंडू त्यांवर आपटून मागे येतो आणि पट कुठे गेला असता हे कळायचे राहून जाते. म्हणून खांब मुळाशी स्प्रिंगवर बसवलेले असावेत, म्हणजे चेंडू लागला की ते कलतात, चेंडू थोडा मंदावून पुढे जातो आणि खांब पुन्हा उभे राहतात. याहून मोलाची सोय म्हणजे दोन खांबांचे आवाज वेगळे ठेवणे. डावा खांब पितळी नळीचा आणि उजवा कठीण लाकडाचा केला तर एकाचा 'टिंग' आणि दुसऱ्याचा 'टक्' असा आवाज येतो, आणि विद्यार्थ्याला मान वर न करताच आपण कोणत्या बाजूला चुकलो हे समजते. डोके लवकर उचलण्याची खोड असलेल्यांना याचा दुहेरी फायदा होतो, कारण निकाल ऐकू येणार असल्यामुळे पाहण्याची घाई राहत नाही.

आवाजावरून कार्स्टन सोल्हाइम यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या सोल्हाइम यांनी आपल्याच पटिंगला वैतागून १९५९ मध्ये एक पटर बनवला, ज्यात वजन मध्यातून काढून हील आणि टो या दोन टोकांना नेले होते. चेंडू लागताच होणाऱ्या आवाजावरून त्याचे नाव पिंग पडले आणि १९६६ चा त्यांचा अॅन्सर हा पटर तर पुढे असंख्य पटरचा साचाच ठरला. वजन टोकांना गेल्यामुळे चेंडू फेसच्या मध्यापासून दूर लागला तरी डोके कमी वळते, म्हणजेच पटर चूक पोटात घालतो. खेळातल्या पटरने तसेच करावे. सरावाच्या साधनाचे काम मात्र याच्या नेमके उलट आहे, आणि अनेक संशोधकांची गल्लत इथेच होते: ते साधनही क्षमाशील बनवतात. तुम्हाला फेसवर चेंडू कुठे लागतो हेही विद्यार्थ्याला कळावे असे वाटत असेल तर त्यासाठी वेगळा सुटा भाग बनवण्याचे कारण नाही. मध्याच्या दोन्ही बाजूंना फेसभोवती एकेक रबर बँड गुंडाळले की चेंडू रबरावर लागलेला पट लगेच मेल्यासारखा निघतो. साधनात ही गोष्ट कोंबू नका. एका साधनाने एकच प्रश्न विचारावा आणि तुमच्या साधनाचा प्रश्न निघण्याच्या दिशेचा आहे.

एक मुद्दा मात्र त्याला जोडून घ्यावाच लागेल, तो म्हणजे वेग. दिशा आणि वेग या वेगळ्या गोष्टी आहेत असे आपण शिकवताना म्हणतो, पण होलच्या तोंडाशी त्या एक होतात. चेंडू जितका वेगात येईल तितका होल अरुंद होत जातो. वेगवान चेंडूला होल ओलांडायच्या आत स्वतःच्या त्रिज्येइतके खाली पडायला वेळ मिळाला पाहिजे. मधोमध येणाऱ्या चेंडूसाठी हा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १.३१ मीटर वेगापर्यंत तो थेट खाली पडतो. पलीकडच्या कडेला आपटून आत येण्याची शक्यता धरली तरी वरची मर्यादा सेकंदाला १.६३ मीटर आहे, असे भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितात दाखवले आहे. त्या वेगाला होलची रुंदी जवळजवळ शून्य होते. अगदी मधोमध आलेला चेंडूच वाचतो. मध्यम वेगवान, म्हणजे स्टिंप १० च्या (मोजणीच्या ठरावीक उतरणीवरून सुटलेला चेंडू १० फूट लोळतो अशा) सपाट ग्रीनवर हा वेग असलेला चेंडू होल नसता तर सुमारे २.४ मीटर पुढे गेला असता. याउलट, होलच्या १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर पुढे थांबेल अशा बेताने मारावे असे पटिंगचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ सांगत आले; अशा चेंडूचा होलपाशी वेग त्याच ग्रीनवर सेकंदाला ०.७ मीटरच्या आत राहतो आणि होल बऱ्यापैकी रुंद उरतो. तुमच्या फाटकातून चेंडू धाडकन मारला तरी तो सुंदर पार होतो, किंबहुना जोरात मारलेला चेंडू गवताच्या खोड्यांना कमी जुमानतो. म्हणून निव्वळ फाटकावर सराव करणारा विद्यार्थी नकळत जोरात मारायला शिकतो. फाटकाबरोबर एक साधी पट्टी द्या, जी होलच्या मागे ४३ सेंटिमीटरवर आडवी ठेवायची असेल. होल झाकून मारायचे, आणि चेंडू होल ओलांडून त्या पट्टीच्या आत थांबला तरच पट मान्य करायचा.

इथे स्टिंपमीटरबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण साधन घडवणाऱ्याला त्याच्याकडून बरेच शिकता येते. एडवर्ड स्टिंप्सन यांनी १९३५ मध्ये ओकमाँट येथील यूएस ओपन पाहिल्यानंतर ग्रीनचा वेग मोजण्यासाठी लाकडी उतरणीसारखे साधन बनवले. पुढे १९७६ मध्ये यूएसजीएच्या (अमेरिकेतील गोल्फ संघटनेच्या) फ्रँक थॉमस यांनी ते अॅल्युमिनियममध्ये नव्याने घडवले आणि १९७८ पासून ते ग्रीनची देखभाल करणाऱ्यांना मिळू लागले. ३६ इंचांची खाच असलेली पट्टी, टोकापासून ३० इंचांवर चेंडू ठेवण्याची जागा, पट्टी हळूहळू उचलत जायची आणि साधारण २० अंशांना चेंडू आपणहून सुटतो. सोडणाऱ्याच्या हाताचा त्यात भागच नाही, आणि म्हणून कोणीही मोजले तरी आकडा जवळपास तोच येतो. तुमच्या साधनालाही हीच कसोटी लावा: तुम्ही मांडले काय किंवा विद्यार्थ्याने एकट्याने मांडले काय, फाटक तेवढेच कठोर राहिले पाहिजे. आणि ज्या गालिच्यावर किंवा ग्रीनवर तुम्ही साधन तपासणार त्याचा स्टिंप आधी मोजून ठेवा, दोन्ही दिशांना चेंडू सोडून सरासरी काढून. नाहीतर आजचे निकाल उद्याच्या निकालांशी ताडून पाहता येणार नाहीत.

आता तपासणी. साधनावर असताना पट सरळ जातात हा पुरावा नव्हे, हे वरच्या चर्चेवरून लक्षात आले असेलच. साधन काढल्यावर, दुसऱ्या दिवशी, वेगवेगळ्या अंतरांवरून काय होते ते मोजायचे असते. तुमच्या विद्यार्थ्यांचे दोन गट करा. दोघांना सारखाच वेळ आणि सारखेच चेंडू द्या, पण एकाच गटाला साधन द्या. सराव केला की साधनाविनाही थोडी सुधारणा होतेच. साधनाचे श्रेय त्यापलीकडच्या फरकापुरतेच. आणखी एक सावधगिरी अशी की, केवळ होलमध्ये गेलेले चेंडू मोजून निष्कर्ष काढू नका. पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट पाडतात. जो खेळाडू खरोखर निम्मे पट पाडू शकतो, त्याच्या २० प्रयत्नांत निव्वळ योगायोगाने ६ पासून १४ पर्यंत कोणताही आकडा येऊ शकतो. तेव्हा साधनाआधी ९ आणि नंतर १३ आले म्हणून जाहिरात छापायला घेऊ नये. त्याऐवजी १० फुटांवर जमिनीवर मोजपट्टी आडवी टाका आणि प्रत्येक चेंडू मध्यरेषेपासून किती सेंटिमीटर बाजूने गेला ते लिहा. होल 'गेला' किंवा 'नाही गेला' एवढेच सांगतो, मोजपट्टी किती चुकले हे सांगते. त्यामुळे कमी पटांतही फरक लवकर उघड होतो. डावी-उजवीकडची सरासरी चूक आणि चेंडूंची पांगापांग यांची नोंद वेगळी ठेवा. सरासरी एका बाजूला सरकलेली असेल तर बहुधा नेम धरण्यातच चूक असते. पांगापांग मोठी असेल तर फेस स्थिर नाही. फाटक दुसरीवर काम करते, पहिलीवर नाही. नेमासाठी आरसा किंवा खडूची रेघ लागेल आणि ते तुम्ही आधीच वापरत असाल.

सरावाची पद्धत साधनाइतकीच महत्त्वाची आहे आणि तीही तुम्हीच ठरवून द्यायला हवी. एकाच जागेवरून, एकाच फाटकातून शंभर चेंडू मारणे दिसायला शिस्तीचे असते. पण शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगापासून हे वारंवार दिसून आले आहे की, एकच कृती सलग घोकण्यापेक्षा वेगवेगळ्या कृती मिसळून केलेला सराव त्या वेळी खडबडीत वाटला तरी नंतर अधिक टिकतो. म्हणून काही चेंडू फाटकातून, मग फाटक उचलून काही चेंडू नुसते, मग अंतर बदलून पुन्हा फाटक, असा क्रम ठेवा. फाटक नसताना मारलेल्या प्रत्येक चेंडूनंतर विद्यार्थ्याला विचारा: आत्ता फाटक असते तर चेंडू लागला असता का, आणि कोणत्या बाजूला? उत्तर बरोबर येऊ लागले की त्याला स्वतःच्या हातांचे ऐकू येऊ लागले आहे, आणि फाटकाचा वापर आणखी विरळ करायची वेळ झाली आहे. साधन हलके आणि क्षणात उचलता येण्यासारखे असावे ते याचसाठी. मांडायला दोन मिनिटे लागणारे साधन कोणी वारंवार काढत-घालत नाही, ते तिथेच राहते आणि विद्यार्थी पुन्हा त्याच्या आधाराला जातो.

साहित्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिले नमुने लेझरने कापलेल्या पत्र्याचे करा, कारण प्लॅस्टिकचा साचा बनवणे महाग असते आणि एकदा बनवला की माप बदलता येत नाही. स्वस्त प्लॅस्टिक उन्हात वाकते आणि ५१ मिलिमीटरचे फाटक बघता बघता भलत्याच मापाचे होते. ग्रीनमध्ये खोल खिळे रोवावे लागणारे साधन ग्रीनची देखभाल करणाऱ्यांना चालणार नाही. वजनावर उभे राहणारे पाय किंवा टीएवढ्या जाडीच्या छोट्या सुया पुरेत.

नियमांबाबत विद्यार्थ्यांना स्पष्ट बजावा. गोल्फच्या नियमांतील नियम ४.३ नुसार फेरी चालू असताना सरावाचे साधन वापरता येत नाही. पहिल्या वेळी सर्वसाधारण दंड, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन स्ट्रोक, आणि दुसऱ्या वेळी थेट अपात्रता. साधन नुसते बॅगेत असणे हा गुन्हा नाही, वापरणे हा आहे. पण पुढे कधी पटरलाच चिकटवायचा एखादा भाग बनवावासा वाटला तर लक्षात ठेवा, तो लावलेला पटर नियमबाह्य ठरू शकतो आणि तो चुकून फेरीत वापरला गेला तर त्याचे परिणाम याहून गंभीर आहेत. त्या वाटेला न गेलेले बरे.

शेवटी पेटंट. रूळ, फाटक, आरसा, उतरण यांवर आधारलेल्या पटिंग साधनांची जुनी पेटंटे ढिगाने आहेत. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गोल्फच्या सरावसाधनांसाठी ए६३बी ६९/३६ असा स्वतंत्र गट आहे आणि तो चाळणे कोणालाही शक्य आहे. काही संध्याकाळ त्यात घालवा. तुमचे रूळ त्यात कुठे ना कुठे भेटतील असा माझा अंदाज आहे, आणि नुसते फाटक तर नक्कीच भेटेल. नवेपणा असलाच तर तो बारकाव्यात असेल, म्हणजे कलून परत उभे राहणारे, वेगवेगळ्या आवाजाचे खांब किंवा छिद्राचा पत्रा आणि फाटक यांना क्षणात जोडणारी रचना. आणि तेही आधी कोणी केलेले नसेल तरच. तुमच्या बाबतीत तातडीचा मुद्दा वेगळा आहे. विद्यार्थ्यांनी रुळांचे साधन उघडपणे वापरले आहे, म्हणजे ते जाहीर झाले असे धरले जाऊ शकते. अमेरिकेत संशोधकाला स्वतः जाहीर केल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही, तिथे अर्जाआधी जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही. म्हणून रुळांच्या साधनाबाबत ते पहिल्यांदा कोणाला, कधी आणि कुठे दाखवले याच्या तारखा आत्ताच कागदावर उतरवा. नव्या फाटकाची चाचणी मात्र अर्ज दाखल होईपर्यंत बंद दाराआड, गोपनीयतेचा लेखी करार केलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांवरच करा. एका देशात पहिला अर्ज केल्यावर इतर देशांत त्याच तारखेचा हक्क सांगायला १२ महिने मिळतात, आणि आंतरराष्ट्रीय पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठीचा एकच अर्ज) केला तर देशोदेशीचा खर्च सुरू व्हायला पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिन्यांचा अवधी मिळतो. तेवढ्या काळात मोजपट्टीवरचे आकडे तुमच्या हाती आलेले असतील. दोन गटांत फरक दिसला तर पुढचा खर्च करा. नाही दिसला तर पेटंट वकिलाची पुढची फी वाचवा आणि दोन टी रोवून शिकवत राहा, विद्यार्थ्यांचे त्यात काही नुकसान नाही.